बोट संपल्यावर कुठं जाता येतं?

आमचे शेजारी म्हस्के अण्णा कुणाच्याही घरी सरबत सरळ पीत नाहीत. आधी त्यातला बर्फ बाहेर काढतात. चिमटीत तो खडा धरतात, खिडकीकडं तोंड करतात, एक डोळा मिटतात आणि सोनारानं हिरा पारखावा तसा उजेडात फिरवतात. घरची बाई पदराला हात पुसत समोर उभी असते. मग निकाल लागतो.

"घाईचा हाये."

बर्फाच्या पोटात पांढरं दिसतं ना, ती म्हणे कोंडलेली हवा. पाण्याला सबूर दिली की हवा आपोआप निघून जाते आणि बर्फ काचेसारखा आरपार होतो. "पर आजकाल सबूर कुनाला हाये?" असं म्हणून अण्णा तो खडा परत ग्लासात सोडतात आणि एका दमात सरबत संपवतात.

माझ्या नणंदेच्या साखरपुड्यात तर कहर झाला. मांडवात मुलाच्या वडिलांशेजारीच अण्णांना खुर्ची मिळाली. कोकम सरबत आलं. अण्णांनी खडा उचलला, बघितला आणि मोठ्यानं म्हणाले, "लई घाई केली राव. आतून पोकळ हाये." मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, सोयरिकीबद्दलच बोलतायत. त्यांना बाजूला नेऊन, हे गृहस्थ बर्फाबद्दल बोलतात आणि जन्मभर बर्फाबद्दलच बोलत आलेत, हे पटवून द्यायला मला लाडू वळण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

अण्णांचा लासूर स्टेशनला बर्फाचा कारखाना होता. रसवंत्या, सोड्याच्या गाड्या, लग्नाचे मांडव, आठवडी बाजार, सगळीकडं म्हस्क्यांची लादी जायची, भुशात घोळवून आणि गोणपाटात गुंडाळून. पुढं घरोघरी फ्रीज आले, हॉटेलवाल्यांनी तुकड्यांची यंत्रं घेतली आणि कारखाना हळूहळू बसला. अण्णांनी जागा विकली, सिडकोत आमच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं आणि कुसुमकाकूंसह इथं राहायला आले. फ्रीज त्यांच्याही घरी आहे. पण त्यात बर्फ करायला काकूंना मनाई आहे. "कपाटात कपडे ठेवत्यात. बर्फ नाय."

मी उस्मानपुऱ्यात एका छोट्या टूर कंपनीत काम करते. बुकिंग करते आणि वर्षातून एकदोनदा ग्रुप घेऊन जाते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून माझ्या ऑफिसात आले. आमच्या घरांमधल्या भिंतीवरून रोज वाटीनं कढी इकडून तिकडं जाते, तरी ते रिक्षा करून ऑफिसात आले. घरचं घरी आणि ऑफिसचं ऑफिसात, असा त्यांचा बाणा.

"मंगल, मला बर्फाच्या समुद्रात जायचंय. बोटीनं. काकीला घेऊन."

मला फार बरं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी बर्फ केला, आता स्वतः बघणार. मी उत्साहानं नॉर्वेचे फोटो काढले. उभे कडे, निळं पाणी, वर पांढरे डोंगर.

अण्णांनी चष्मा सारखा केला. "बर्फ निस्ता डोंगराच्या टकलावर हाये. खाली हिरवंगार. बरं, ही बोट संपल्यावर जमिनीवर कुठं जाता येतं?"

"तिथल्या शहरात दोन दिवस. मग घरी."

"नको."

मग आइसलँड झालं. ते म्हणाले, "नावात बर्फ हाये, गावात नाय. ह्याला दगाबाजी म्हणत्यात." आणि लगेच, "बोट संपल्यावर कुठं जाता येतं?"

मग मी थेट अंटार्क्टिका काढली. यापुढं बर्फ म्हणून काही उरतच नाही. अण्णांनी फोटो बघितले, जिभेनं टक्क आवाज केला, मान डोलावली. मला वाटलं, झालं काम.

"आन हितून पुढं?"

"हितून पुढं काही नाही, अण्णा. जग संपतं तिथं."

"मग काय उपेग? निस्ता बर्फ बघून मानसानं माघारी यावं व्हय?"

बर्फवाल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य मला विचित्र वाटलं. पण गिऱ्हाईक विचित्रच बोलतं, हे आमच्या धंद्यात गृहीत असतं. मी अलास्का पुढं केली. बोट कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटते, बेटांच्या आडोशानं उत्तरेला जाते, त्यामुळं काकूंना फार मळमळणार नाही आणि हिमनद्या थेट समुद्रात उतरलेल्या दिसतात. आता अलास्कात सुद्धा दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे बोटीनं वर जायचं, तिथंच उतरायचं आणि रेल्वेनं अलास्काच्या पोटात शिरायचं. दुसरी म्हणजे बोटीनं जाऊन बोटीनंच व्हँकुव्हरला परत यायचं. बर्फाची हौस असलेल्या माणसाला मी डोळे झाकून पहिली तऱ्हा सुचवते. जास्त हिमनद्या, वरून मोठा पर्वत.

"दुसरी," अण्णा म्हणाले.

"अहो, त्यात एकाच वाटेनं जाणं-येणं आहे."

"चांगलंच हाये की. जाताना एका बाजूनं बर्फ बघायचा, येताना दुसऱ्या बाजूनं."

मग त्यांनी माझ्या भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. व्हँकुव्हरपासून ते बोट सावकाश उजवीकडं निघालं, डोंगरांची रांग ओलांडली आणि पलीकडच्या सपाटीवर येऊन थांबलं. "बोट संपल्यावर बसनं असं गेलं तर? डोंगर बी व्हत्यात. हे काय गाव हाये, क-वरनं?"

"कॅलगरी. हो, डोंगरांची सहल तिथंच संपते. तिथून विमान."

"तिथं दोन रात्री टाक."

"अण्णा, तिथं बघण्यासारखं फार काही नाही. लोक उतरतात आणि विमान पकडतात."

"थकवा जातो," अण्णा म्हणाले आणि टोपी घालून उठले.

त्यानंतर दोन देशांचे व्हिसे आले. मुलाखतीला मी बाहेर देव पाण्यात घालून बसले होते. आत साहेबानं विचारलं म्हणे, व्यवसाय काय? अण्णा म्हणाले, "आइस." जायचं कारण? "आइस." साहेब हसला आणि व्हिसा मिळाला.

मग अण्णांनी थंडीचा सराव सुरू केला. एप्रिल-मे महिना, संभाजीनगरात डांबर चपलेला चिकटतंय आणि हे दोघं नवराबायको स्वेटर, कानटोपी, मफलर अशा थाटात दुपारी रिक्षात बसून निघायचे. जाधववाडीच्या मार्केटाजवळ अण्णांच्या ओळखीच्या एकाचं शीतगृह होतं. तिथं बटाट्याच्या पोत्यांवर दोघं जाऊन बसायचे. काकू सोबत चिवडा न्यायच्या. रिक्षावाला म्हणायचा, "चाचा, तबियत तो ठीक है ना?" अण्णा म्हणायचे, "अभी गरमी है, आगे ठंड आनेवाली है." काकू माझ्याकडं येऊन तक्रार करायच्या, "अगं, बटाट्याचा वास येतोय माझ्या अंगाला. पाहुण्यांनी पळी घेऊन भाजीत टाकलं नाय म्हंजे मिळवली."

एके दिवशी अशाच त्या आल्या असताना मी सहज विचारलं, "काकू, तुमचा संदीप कॅनडात नेमका कुठं असतो?"

संदीप त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. ते लासूरहून इकडं येण्याआधीच तो कॅनडाला गेला होता आणि त्याचं नाव त्या घरात मोठ्यानं घेतलं जात नसे, एवढंच मला माहीत होतं.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "तुला कळलं व्हय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. संदीप इंजिनियर होऊन घरी आला तेव्हा कारखाना नुकताच डळमळायला लागला होता. महिनाभर त्यानं कामकाज बघितलं आणि एकदा जेवताना म्हणाला, "अण्णा, हे चालायचं नाही आता. वेळेवर बंद करा." अण्णा ताटावरून उठले. म्हणाले, कारखाना बंद करा म्हणणाऱ्यानं कारखान्याचं अन्न खाऊ नये. पोरगंही त्यांच्याच रक्ताचं. त्यानं बाहेरची नोकरी शोधली आणि गेला. पुढं त्यानं सांगितलं होतं तसंच झालं. कारखाना बंद पडला आणि त्या दिवसापासून अण्णांना मुलाचं नाव आणखीच सोसेना.

"तो बोलला ते खोटं निघालं असतं तर ह्यांनी कवाच माफ केलं असतं," काकू म्हणाल्या. "दर रविवारी फोन येतो त्याचा. फोन वाजला की हे वर गच्चीवर जात्यात. पर गच्चीवर जात न्हाईत. जिन्यातच बसत्यात. म्हणून मी फोनचा आवाज मोठा ठेवते आन त्याला एकच गोष्ट दोनदा इचारते."

मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"त्यांनी संदीपचं गाव टाकलंय सहलीत, ते मला कळलंय," त्या म्हणाल्या. "पर मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नको. लाजतील आन सहल मोडतील."

दुसऱ्याच दिवशी अण्णा ऑफिसात आले. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "त्या क-वाल्या गावाचं काकीला आत्ताच काय बोलू नको. बायामानसं लगेच आशा लावून बसत्यात."

अशी मी दोन्ही बाजूंनी शपथेला बांधली जाऊन पंधरा माणसांचा ग्रुप घेऊन निघाले. मला खरी काळजी वेगळीच होती. काकूंनी मुंबईच्या विमानतळावर, अण्णा पाणी आणायला गेले तेव्हा, मला आणखी एक गोष्ट सांगितली. संदीप तिथं करतो काय, तर एका मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात लोक बर्फावर घसरत खेळतात, तिथल्या बर्फाची सगळी व्यवस्था त्याच्याकडं आहे. बर्फ जमवणं, यंत्रं सांभाळणं, तो रोज गुळगुळीत करणं.

"म्हणजे पुन्हा बर्फच?"

"तर काय! म्हणून तर ह्यांना सांगितलं न्हाई. 'घरचा बर्फ नको झाला आन आता गोऱ्यांचा बर्फ पुसतोय' असं एक वाक्य ह्यांच्या तोंडून गेलं ना, मंगल, तर पोरगं परत फोन करायचं न्हाई."

ते वाक्य अण्णा बोलणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. समोरच्याला लागेल असं वाक्य गिळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बोटीवर अण्णा पहिल्या दिवशीच प्रसिद्ध झाले. जेवणाच्या दालनात त्यांनी ग्लासातला बर्फ दिव्यासमोर धरला आणि वाढपी घाबरून मोठ्या साहेबाला घेऊन आला. साहेबाला मी समजावलं. साहेबानं दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक मोठा, स्वच्छ तुकडा बशीत आणून ठेवला. अण्णांनी तो पारखला आणि साहेबाचा हात हातात घेऊन हलवला. नंतर आठवडाभर आमच्या टेबलाला चहा न मागता मिळाला.

हिमनदीचा दिवस उजाडला. बोट थांबली. समोर समुद्रातून वर आलेली बर्फाची निळी भिंत, तीनचार वाड्यांएवढी उंच. अधूनमधून तोफ उडाल्यासारखा आवाज व्हायचा आणि एखादा कडा पाण्यात कोसळायचा. सगळी बोट एका बाजूला लोटली होती. आमच्या ग्रुपमधल्या बायका रडत होत्या, पुरुष फोटो काढत होते. अण्णा कठड्याला धरून उभे होते. बर्फावरची नजर न काढता म्हणाले, "निळा कशानं झाला ठाव हाये? दाबानं. हजार वरसं कुनी घाई केली नाय त्याला."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आपली बस कवा निघती म्हणालीस?"

जन्मभर ज्याची वाट बघितली तो बर्फ समोर असताना माणूस बसची वेळ विचारत होता.

व्हँकुव्हरला उतरून आम्ही बसनं डोंगरात शिरलो. खरं तर तो भाग बोटीपेक्षा सुंदर होता. निळीहिरवी तळी, कडेला अस्वल, ढगात गेलेले सुळके. पण जसजसं कॅलगरी जवळ यायला लागलं तसतसे अण्णा चिडचिडे व्हायला लागले. चहा पांचट, सीट कडक, गुडघा दुखतोय, ड्रायव्हर हळू चालवतोय, ड्रायव्हर जोरात चालवतोय. काकू खिडकीबाहेर बघत बसायच्या आणि दर थोड्या वेळानं पिशवीतली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी फुटली नाही ना, हे चाचपायच्या.

कॅलगरीचा दुसरा दिवस मोकळा होता. बाकीचे खरेदीला गेले. मी हॉटेलच्या खालच्या दालनात आले तर अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून सोफ्यावर बसलेले. शेजारी काकू, ठेवणीतली साडी नेसून. दोघंही दोन दिशांना बघत होते.

"कुठं जायचंय का, अण्णा?"

"न्हाई. गुडघा दुखतोय. बसतो हितंच."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत सगळा प्रवास होता. इतक्या लांब आलो आणि आता सोफ्यावर बसून परत जाणार. मला एकदम सुचलं.

"अहो, असं कसं? आज कार्यक्रमात बर्फाचं क्रीडागृह आहे."

"कार्यक्रमात हाये?"

"छापलंय की."

छापलेलं काहीही नव्हतं. अण्णा टुणकन उठले. "छापलेलं चुकवून कसं चालंल?"

काकूंनी हळूच दिलेला पत्ता मी टॅक्सीवाल्याला दाखवला. क्रीडागृहात शिरलो तेव्हा पोरंपोरी बर्फावर गरगर फिरत होती. मग भोंगा वाजला, सगळे बाहेर आले, पलीकडचं दार उघडलं आणि एक अवजड गाडी बर्फावर उतरली. ती जिथून जाई तिथला ओरखडलेला बर्फ मागं आरशासारखा चकचकीत होई. वर टोपी घातलेला, दाढीवाला एक माणूस बसला होता.

अण्णा एका उघड्या फाटकाशी उभे राहिले. गुडघा विसरले. "आधी खरवडतोय बघ. आता मागून पानी सोडतोय. वाफ बघ, गरम पानी हाये! बराबर. गार पान्यात हवा ऱ्हाती. येवढं मोठं आंगन, पर एक पांढरा ठिपका नाय. मानूस जाणकार हाये."

मागं काकूंनी पदर तोंडाला लावला होता. अण्णांनी त्याला नेमकं कधी ओळखलं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांचं बोलणं मध्येच बंद झालं, एवढं खरं.

गाडी वळण घेऊन आमच्या बाजूला आली. आज आई येणार, हे काकूंनी फोनवर त्याला सांगितलेलं होतं. वडीलही दारात उभे असतील, असं काही त्याला वाटलं नसावं. त्यानं बघितलं आणि गाडी मधोमध थांबली. तो तसाच बसून राहिला. खाली गरम पाणी गळत होतं.

मला वाटलं, आता ते वाक्य येणार.

अण्णांनी दोन्ही हात वर केले आणि लासूरच्या कारखान्यात ओरडत असतील तसे गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "अरं, थांबू नगं! पानी साचतंय! खड्डा पडंल! आधी फेरा पुरा कर!"

इतक्या वर्षांनी बाप मुलाशी बोलला तो असा.

संदीपनं ताबडतोब गाडी हलवली. शिस्तीत सगळे फेरे पूर्ण केले, एकही पट्टा न सोडता. अण्णा प्रत्येक फेऱ्याला हातानं वळण दाखवत होते आणि तो ते मानत होता. मग गाडी आत गेली आणि तो धावत आला. आईच्या पाया पडला, वडिलांसमोर वाकला. अण्णांनी त्याला मधेच धरलं. त्यांनी त्याचे हात उलटसुलट करून बघितले.

"यंत्रं कुठं हायेत?" शेवटी ते म्हणाले.

बापलेक यंत्रखोलीत गेले. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. भिंतीपलीकडून यंत्रांच्या घरघरीवर चढलेला अण्णांचा आवाज आणि मधूनच संदीपचं हसू ऐकू येत होतं. काकूंनी चटणीची बरणी मांडीवर घेतली होती. मला एकदम इतकं हलकं वाटलं की भूक लागली. आम्ही दोघींनी चमच्याशिवाय ती चटणी खाल्ली.

परतीच्या विमानात अण्णा माझ्या शेजारी आले होते. म्हणाले, "पोरगं खरं बोललं व्हतं. खरं बोलल्याचाच राग आला मला." मग तोंडावर पांघरूण घेऊन झोपले. की नुसतेच पडून राहिले, कोण जाणे.

आता रविवारी फोन वाजला की तो अण्णाच उचलतात आणि काकूंना बराच वेळ थांबावं लागतं.

गेल्या आठवड्यात अण्णा रिक्षा करून परत ऑफिसात आले. समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली. अण्णा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि नकाशाकडं बघत म्हणाले, "मंगल, कालगरीला जानारी दुसरी एखादी बोट हाये का?"

"अण्णा, कॅलगरीला समुद्रच नाही. बोट जातच नाही तिथं. आपण आधी बोट केली आणि मग बसनं गेलो."

ते जरा विचारात पडले. मी सवयीनं ग्रीनलँडचे फोटो काढायला लागले.

"ते ठेव बाजूला," अण्णा म्हणाले. "बर्फ नको. बोट बी नको. सरळ विमानाचं बघ."

"कारण काय लिहू?"

गिऱ्हाइकं त्यांच्याकडं बघत होती. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि साऱ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोराकडं जायचंय."